नडगीला फळ्या बांधून

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे. दोन-चार वाक्यं सावरली, भाषा सावरली नाही.)



मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल उतरवतो. कविता करतो, त्या तुम्ही ऐकल्यात, काहींनी शिव्याही घातल्यात. आज कविता नाही. आज मी बेसबॉलवर बोलणार आहे.

हसा. हसून घ्या. मागं बसलेला एक पोरगा आत्ताच म्हणाला, "घरात पान्याचा पत्ता नाय आन् ह्यो अमेरिकेचा खेळ सांगाया लागला." बरोबर आहे त्याचं. त्याला उत्तर द्यायचं म्हणूनच मी उभा राहिलोय. शेवटी पटलं नाही तर त्यानं इथंच उठून तसं सांगावं.

आधी हा बॉल बघा. हातोहात फिरवा, पण परत द्या. एका जहाजावर आमची टोळी लोखंडाच्या कॉइल उतरवत होती. दुपारच्या सुट्टीत कॅरिबियन बेटावरचा एक काळा खलाशी डेकवर एकटाच हा बॉल पत्र्यावर आपटून झेलत होता. एकदा हुकला, बॉल थेट खाली धक्क्यावर माझ्या पायाशी. मी वर फेकायला हात उचलला, तर त्यानं हातानं खूण केली, राहू दे तुला. भाषा नाही, ओळख नाही. बॉल दिला आणि कामाला गेला.

पांढरं चामडं, लाल दोरा. टाके मोजा. १०८ दुहेरी टाके असतात. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे बॉल कोस्टारिका देशात शिवतात, आणि आजच्या यंत्राच्या जमान्यातही हे टाके हातानंच घालतात. चामडं, सुई, दोरा आणि वाकलेली पाठ. यातलं आपल्याला नवीन काय आहे? ज्याच्या घरात बापानं आरी धरली, त्यानं बॉल जरा जास्त वेळ हातात ठेवावा.

बॉल घरी आला तेव्हा मला प्रश्न पडला, हा खेळ सुरू झाला तेव्हा हा बॉल कोणाकोणाच्या हातातून गेला? रात्रपाळीनंतर वाचत बसलो. जे सापडलं ते सांगतो.

खेळ असा. शंकरपाळ्याच्या आकाराचं मैदान समजा. चार कोपरे, चार बेस. फलंदाजानं मारायचं आणि एकेक कोपरा शिवत परत घरच्या कोपऱ्यावर यायचं. आतल्या बाजूला चौघं उभे असतात. पहिल्या बेसवर एक, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे चौथा, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. हे चौघं म्हणजे इनफिल्डर. आट्यापाट्यात पाटीवरच्या गड्याला जसं जागा सोडून चालत नाही, तसं यांचं. धावणारा अंगावर येतो, शेवटच्या क्षणी जमिनीवर घसरतो, आणि त्याच्या बुटाच्या तळव्याला धातूचे काटे असतात. इनफिल्डरनं पाय बेसवर ठेवायचा, बॉल झेलायचा, त्या येणाऱ्या माणसाला टेकवायचा. लांब सीमारेषेवर उभं राहणाऱ्याला हे नाही. इनफिल्डर म्हणजे काट्यांच्या वाटेत उभा राहणारा माणूस. एवढं लक्षात ठेवा, पुढचं भाषण याच्यावरच आहे.

आता जुन्या इनफिल्डरांचे पराक्रम. पुस्तकात पहिल्यांदा गोऱ्यांचे सापडतात. ते खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. १८६९ साली सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी असलेला पहिला संघ झाला. त्याचा शॉर्टस्टॉप जॉर्ज राइट, पगार १,४०० डॉलर, संघात सगळ्यात जास्त. त्या वर्षी त्यांनी ५७ सामने जिंकले, एक हरला नाही. त्याच शहरात पुढं बिड मॅकफी म्हणून दुसऱ्या बेसवरचा गडी आला. १८८२ ते १८९९, अठरा हंगाम. सगळे हातमोजे घालायला लागले तरी हा १८९६ पर्यंत उघड्या हातांनी झेलत राहिला. मिठाच्या पाण्यात हात भिजवून घट्ट करायचा. १८८६ च्या हंगामात त्यानं ५२९ गडी बाद केले, दुसऱ्या बेसवरचा तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. गोणीच्या सुतळीनं ज्याचे तळहात फाटलेत त्याला मॅकफी कळायला इंग्रजी लागत नाही. पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला, फलंदाजीत आठ वेळा लीगमध्ये पहिला आला. त्याच्या चित्राचं सिगारेटच्या पाकिटातलं जुनं कार्ड २०२२ साली ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. कागदाचा एक तुकडा!

हे सगळं वाचलं, मान दिला. मग शोधायला लागलो, काळा माणूस कुठाय? गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली. मग हे लोक काय नुसते कुंपणाबाहेरून बघत होते?

नाही. तेही त्याच शंकरपाळ्यात उभे होते.

पहिलं नाव ऑक्टेवियस कॅटो. फिलाडेल्फियाचा. काळ्या मुलांच्या शाळेत मास्तर. पायथियन नावाचा काळ्यांचा संघ त्यानं उभा केला, त्याचा कप्तान झाला, स्वतः इनफिल्डमध्ये खेळला. पण हा माणूस नुसता बॉलचा नाही. घोड्याच्या ट्राममध्ये काळ्यांना बसू देत नव्हते, त्याविरुद्धच्या लढ्यात तो पुढं होता. १८६७ मध्ये कायदा झाला आणि ट्राम मोकळी झाली. त्याच वर्षी पायथियननं राज्याच्या बेसबॉल संघटनेत अर्ज केला. ट्राम मोकळी झाली, संघटना नाही. आणि त्याच डिसेंबरात देशाच्या संघटनेनं ठरवून टाकलं की ज्या क्लबात काळे आहेत तो घ्यायचाच नाही. पाण्याच्या टाकीला पाटी लावतात तशी पाटी, फक्त इंग्रजीत.

तरी कॅटो गप्प बसला नाही. सप्टेंबर १८६९ मध्ये पायथियन गोऱ्यांच्या ऑलिंपिक संघाशी खेळला. काळे आणि गोरे संघ समोरासमोर आल्याची नोंद असलेला हा पहिला सामना. हरले, ४४ विरुद्ध २३. पण मैदानात उतरले. मग आली १८७१ ची निवडणूक. १० ऑक्टोबर. काळ्यांनी मतदान करू नये म्हणून रस्त्यात मारामाऱ्या, खून. कॅटोला भर रस्त्यात गोळ्या घालून मारला. वय ३२. आरोपी गोरा. खटला उभा राहिला १८७७ मध्ये, आणि साक्षीदार असतानाही तो सुटला. पुढचं काही सांगायला नको, असले निकाल आपल्याला तोंडपाठ आहेत. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलबाहेर कॅटोचा पुतळा उभा राहिला. दीडशे वर्षं जवळजवळ.

दुसरं नाव बड फाउलर. खरं नाव जॉन जॅक्सन. जन्म १८५८. बाप न्हावी, स्वतःही वस्तरा चालवून पोट भरायचा. हा १८७८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गोऱ्यांच्या पगारी लीगमध्ये खेळला. संघटित पगारी बेसबॉलमधला पहिला काळा खेळाडू. आधी बॉल फेकायचा, मग दुसऱ्या बेसचा गडी झाला. एका गावात संघ घेतो, हंगाम बरा जातो, मग कोणीतरी कुरकुरतो, मग हाकलतात, मग पुढचं गाव. असे दहा हंगाम काढले त्यानं गोऱ्यांच्या लीगमध्ये. ठेकेदाराकडं काम केलंय त्याला हे जगणं माहीत आहे. काम चांगलं केलं तरी उद्याचा भरवसा नाही.

तिसरं नाव फ्रँक ग्रँट. जन्म १८६५. उंचीला लहान, अंगानं चपळ. १८८६ पासून बफेलोच्या संघात दुसऱ्या बेसवर. आला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रानं छापलं की हा स्पॅनिश आहे! म्हणजे खेळ आवडला, कातडी आवडली नाही, तर कातडीचं नाव बदलून टाकलं. आपल्यातले काही जण नोकरीत आडनाव बदलतात, त्यांच्यावर मी हसत नाही. पण ते का बदलावं लागतं ते बघा. १८८७ मध्ये सगळ्या इंटरनॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त होमरन कोणाचे? ग्रँटचे. ११. दुसऱ्या बेसच्या माणसाकडून कोणी अशी अपेक्षाही धरत नव्हतं.

आता माझ्या भाषणाचं नाव जिथून आलं ते सांगतो. १८८९ मध्ये त्या लीगच्या एका गोऱ्या खेळाडूनं वर्तमानपत्राला सांगितलं की फाउलर दुसऱ्या बेसवर खेळताना गुडघ्याखाली लाकडी फळ्या बांधायचा. कारण दुसऱ्या बेसकडं पळत येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच्यावर टपलेला असायचा. बेस गाठायचा नसतो त्याला. काटे नडगीत घुसवायचे असतात. ग्रँटचंही तेच. पुढं १८९१ मध्ये शिकागोचा जुना इनफिल्डर नेड विल्यमसन यानं याहून मोठी गोष्ट छापून आणली. तो म्हणतो, पाय पुढं करून घसरायची पद्धतच मुळी या काळ्या दुसऱ्या-बेसवाल्याला जायबंदी करण्यासाठी निघाली. हे पूर्ण खरं धरू नका, तसं घसरणारे आधीही होते. पण गोरा माणूस हे लपवत नाही, गंमत म्हणून सांगतो, ते खरं धरा.

मी या लाकडी फळ्यांचा फार विचार केला. पुढं कॅचर लोकांनी नडगीची कवचं वापरली, कंपन्यांनी विकली, त्यांचे फोटो आहेत. फाउलरच्या फळ्या कोणत्या झाडाच्या, कशानं बांधलेल्या, कोणाला ठाऊक! विक्रमाच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही. फटके मोजले, बाद केलेले गडी मोजले. नडगीवरच्या जखमा कोणी मोजल्या? मॅकफीचे उघडे हात पराक्रम म्हणून लिहिले गेले, आणि ते बरोबरच आहे. फाउलरच्या फळ्या मात्र किस्सा म्हणून उरल्या. मला विचाराल तर त्या काळातल्या इनफिल्डरांचा सगळ्यात मोठा पराक्रम तोच. काटे येणार हे माहीत असून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बेसवर जाऊन उभं राहणं.

आता ज्यानं दार लावलं त्याच्याबद्दल. तोही इनफिल्डरच. कॅप अॅन्सन. शिकागोचा कप्तान, पहिल्या बेसचा गडी. मोठ्या लीगमध्ये २७ हंगाम. ३,००० फटके गाठणारा पहिला माणूस. १८८३ मध्ये त्याचा संघ टोलेडोला गेला. टोलेडोकडं मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा काळा कॅचर होता. अॅन्सन म्हणाला, हा मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. टोलेडोचा मॅनेजर खमका निघाला. वॉकरच्या हाताला दुखापत होती, त्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची होती. मॅनेजरनं मुद्दाम त्याला खेळवला आणि सांगितलं, खेळला नाहीस तर तिकिटाच्या पैशातला वाटा विसर. अॅन्सन निमूट खेळला. म्हणजे बघा, तत्त्वबित्त्व काही नाही. खिशाला हात लागला की विटाळ जातो!

पण १८८७ पर्यंत वारं फिरलं. १४ जुलै ही तारीख लिहून ठेवा. नेवार्क गावात अॅन्सनच्या संघाविरुद्ध जॉर्ज स्टोवी हा काळा गोलंदाज उतरणार होता. उतरला नाही, उतरू दिला नाही. आणि त्याच दिवशी बफेलोत, म्हणजे ग्रँटच्या गावात, इंटरनॅशनल लीगच्या मालकांची बैठक भरली. ठराव झाला की यापुढं काळ्या खेळाडूशी नवा करार करायचा नाही. ६ विरुद्ध ४ मतं. फाउलर तोवर बाहेर पडलाच होता. बिंगहॅम्टनच्या संघातले गोरे खेळाडू काळ्यांबरोबर खेळायला तयार नव्हते, त्यांनी त्याला घालवला होता. ग्रँट आणखी एक हंगाम टिकला, १८८८ चा. त्याला दुसऱ्या बेसवरून उचलून बाहेरच्या मैदानात ठेवला. काट्यांपासून लांब. आणि त्या वर्षी संघाचा फोटो काढायची वेळ आली, तर संघातल्यांनी सांगितलं, ग्रँट असेल तर आम्ही बसत नाही.

इथं मी वाचायचा थांबलो. कारण माझ्या घरात एक फोटो आहे.

माझा बाप गोदीतच होता. चांगला झेल घ्यायचा. एका कचेरीनं स्पर्धा भरवली, बाप संघात होता, संघ जिंकला, फोटो निघाला. फ्रेम करून सगळ्यांना एकेक दिला. फोटोत बारा माणसं आहेत. खाली छापलेली नावं अकरा आहेत. माझा बाप उजवीकडून दुसरा उभा आहे, अंगात सगळ्यांसारखाच शर्ट, आणि खाली त्याच्या जागी शेजारच्याचं नाव सरकून आलंय. मी लहान असताना बापाला विचारलं, तुमचं नाव कुठाय? तो म्हणाला, "फोटोत हाय ना मी? मग झालं." मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चूक असेल, छापणाऱ्याची असेल. पण दर वेळी आपलंच नाव कसं गळतं?

म्हणून चौथं नाव मला सगळ्यात जवळचं वाटतं. सॉल व्हाइट. जन्म १८६८, ओहायोतलं बेलेअर गाव. इनफिल्डच्या जवळजवळ सगळ्या जागी खेळलेला. १८८७ मध्ये व्हीलिंगच्या गोऱ्या संघात खेळला, जोरदार फलंदाजी केली, पुढच्या वर्षी दार बंद. मग काळ्यांच्या संघांतून खेळला, विल्बरफोर्स विद्यापीठात शिकला, १९०२ मध्ये फिलाडेल्फिया जायंट्स हा संघ उभा करणाऱ्यांत होता. हे सगळं आहेच. पण त्याचा खरा फटका १९०७ चा. त्या वर्षी त्यानं पुस्तक छापलं, काळ्यांच्या बेसबॉलचा इतिहास. लहानसं पुस्तक. त्यात नावं आहेत. फोटो आहेत आणि फोटोखाली नावं आहेत. कोणी कधी दार लावलं ते आहे, अॅन्सनचं नाव घेऊन आहे. आणि हिशोब आहे. मोठ्या लीगमधल्या खेळाडूला सरासरी २,००० डॉलर, छोट्या लीगमधल्याला ५७१, काळ्या खेळाडूला ४६६. कविता नाही, आरडाओरडा नाही. तीन आकडे. या आकड्यांनी जे केलं ते माझ्या दहा कवितांनी झालं नसतं, हे मी कबूल करतो.

त्या पुस्तकाच्या थोड्याच प्रती उरल्या. पण उरल्या. आज फाउलर, ग्रँट यांच्यावर जो कोणी लिहितो त्याला सॉल व्हाइटच्या दारावरून जावं लागतं. पुस्तक लिहायला कोणी विद्वान आला नव्हता. बॉल झेलून बोटं वाकलेला माणूस बसला आणि त्यानं लिहिलं.

पाचवं नाव घेतो आणि आवरतो. जॉन हेन्री लॉइड, शॉर्टस्टॉप. जन्म १८८४, फ्लोरिडा. सुरुवातीला ज्या संघात कॅचर होता त्या संघाकडं तोंडावर घालायची जाळी नव्हती, म्हणून यानं तारेची कचऱ्याची टोपली तोंडावर बांधली आणि खेळला. पुढं शॉर्टस्टॉप झाला. क्यूबात लोक त्याला 'एल कुचारा' म्हणायचे. म्हणजे चमचा, फावडं म्हणा. जमिनीवरून येणारा बॉल तो मातीसकट उचलायचा. आपल्या माणसाला फावडं म्हटलं की शिवी असते. त्या माणसानं त्याची पदवी केली. १९१० मध्ये डेट्रॉइटचा गोरा संघ हवानाला आला, त्यात टाय कॉब, गोऱ्यांचा सगळ्यात नावाजलेला फलंदाज, आणि काटे वर करून घसरण्यात बदनाम. त्या सामन्यांत लॉइड, ग्रँट जॉन्सन आणि ब्रूस पेटवे या तिन्ही काळ्यांची फलंदाजीची सरासरी कॉबच्या वर गेली. कॉब पुन्हा काळ्यांशी खेळायला आला नाही. लॉइडला लोक 'काळा वॅग्नर' म्हणत. खाणीतून आलेला तो वॅग्नर म्हणाला की अशी तुलना होणं हा माझाच मान आहे. गोऱ्यांतही माणूस असतो, तो मी लपवणार नाही.

१९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. विद्यापीठाच्या शेजारी हार्लेम. त्याच वर्षी हार्लेममधल्या मैदानावर लिंकन जायंट्सच्या संघात लॉइड शॉर्टस्टॉपला उभा होता. एकाच शहरात एक माणूस ग्रंथालयात बसून जातीची मुळं उकरत होता आणि दुसरा मातीसकट बॉल उचलत होता. उशिरापर्यंत खेळून निवृत्त झाल्यावर लॉइडनं अटलांटिक सिटीत झाडलोटीची नोकरी केली. शाळेतल्या पोरांचा तो लाडका होता.

आणि आता १९४६. १८ एप्रिल. न्यूजर्सीतलं जर्सी सिटी. माँट्रियलच्या संघातून एक काळा माणूस उतरला. चार फटके, त्यातला एक होमरन. जॅकी रॉबिन्सन. लीग कोणती? इंटरनॅशनल लीग. जागा कोणती? दुसरा बेस. ज्या नावाच्या लीगनं १८८७ मध्ये ठराव केला, तिथंच, आणि ज्या बेसवरून फाउलर-ग्रँटला उठवलं, त्याच बेसवर. पुढच्या वर्षी १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिनकडून मोठ्या लीगमध्ये पहिल्या बेसवर उभा राहिला. अॅन्सनच्या बेसवर! साठ वर्षं गेली मधे. आणि काटे? ऑगस्ट १९४७, आपल्याकडं झेंडा बदलला तो महिना. सेंट लुइसच्या एनॉस स्लॉटरचा बूट रॉबिन्सनच्या पायावर पडला. मुद्दाम नव्हतं, असं तो म्हणत राहिला. साठ वर्षांत नियम बदलला, बूट तेच.

लोक म्हणतात रॉबिन्सन पहिला. रॉबिन्सन मोठाच आहे, पण तो पहिला नाही. तो परत आलेला आहे. हा फरक नीट समजून घ्या. 'पहिल्यांदा प्रवेश दिला' म्हटलं की देणारा मोठा होतो. 'हाकललेले परत आले' म्हटलं की हाकलणाऱ्याला तोंड लपवावं लागतं.

मेल्यावरचा हिशोब सांगतो. फाउलर १९१३ मध्ये गरिबीत मेला, कबरीवर दगड नव्हता. संशोधकांनी तो १९८७ मध्ये बसवला. ग्रँट शेवटी वेटरचं काम करून १९३७ मध्ये गेला, त्याच्या कबरीला दगड मिळाला २०११ मध्ये. सॉल व्हाइट १९५५ ला गेला, रॉबिन्सन खेळलेला बघून गेला. त्याचा दगड २०१४ चा. कूपरस्टाउनच्या संग्रहालयात, जिथं मोठ्या खेळाडूंची पाटी लागते, तिथं अॅन्सन १९३९ लाच गेला. लॉइड १९७७ ला. ग्रँट आणि व्हाइट २००६ ला. फाउलर २०२२ ला. आणि फाउलर लहानाचा मोठा झाला कुठं? त्याच कूपरस्टाउनात! स्वतःच्या गावात शिरायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

२०२० मध्ये अमेरिकेच्या बेसबॉलनं जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग या मोठ्या लीगच समजायच्या. २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य वहीत घेतले. चांगलं झालं. पण तारखा बघा. वही १९२० पासून उघडली. फाउलर, ग्रँट, व्हाइट त्याच्या आधीचे. ते अजून वहीबाहेर उभे आहेत.

आता मागच्या त्या पोराला उत्तर. गड्या, पाणी पाहिजेच. त्यासाठी मोर्चा काढू तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन. पण १९७२ मध्ये आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते समुद्रापलीकडच्या त्याच काळ्या माणसांकडून घेतलं. नाव घेतलं तर त्यांची गोष्टही घ्यावी लागते. आपल्या पळवणकर बाळूबद्दल इथं अनेकदा बोलणं झालंय, म्हणून आज बोललो नाही. पण बाळू सोडून दुसरी दहा नावं सांग बरं! तुझ्या गल्लीत कबड्डीत कोण होता? तालमीत कोण? गोदीच्या, गिरणीच्या संघात आपला कोण खेळायचा? तू सांगू शकत नाहीस. मीही नाही. कारण कोणी लिहिलं नाही, आणि आपण वाट बघत बसलो की कोणीतरी शिकलेला येईल आणि लिहील.

तर काम असं. ही वही मी आणलीय. दोनशे पानी, कोपऱ्यावरच्या दुकानातली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं घरातल्या, चाळीतल्या एका म्हाताऱ्याला विचारून यायचं. कोण खेळायचं, कुठल्या साली, कुठल्या जागी उभा राहायचा, काय मिळालं, काय मिळालं नाही. आणि बायकांनाही विचारा. खो-खोत कोण पळायची, लग्नानंतर कोणी थांबवली. नाव पूर्ण लिहायचं, आडनाव लपवायचं नाही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, खोटं वाढवू नका. फाउलरच्या फळ्या आहेत तेवढ्याच मोठ्या आहेत, त्याला वर पॉलिश नको.

पहिल्या पानावर मी एक नाव लिहिलंय. माझ्या बापाचं. उजवीकडून दुसरा. फोटोतला बारावा माणूस.

बॉल परत द्या, मला पाळीला जायचंय.

जय भीम!